शेअर्ड पॉइंटर वापरूनही मेमरी लीक का होतो? तो कसा शोधायचा?

गाडीचा टचस्क्रीन सुरुवातीला झकास चालतो, काही दिवसांनी अडकायला लागतो, आणि रीस्टार्ट केला की परत ठीक! असं होत असेल तर मेमरी लीकवर संशय घ्यायला हरकत नाही. चाकण-पिंपरी पट्ट्यात बनणाऱ्या गाड्यांमध्ये आता भरपूर सॉफ्टवेअर असतं. मी अशाच स्क्रीनच्या सी प्लस प्लस कोडवर काम करतो.

मेमरी लीक म्हणजे काय?
काम संपल्यावरही प्रोग्रॅमने मेमरी परत न देणं. फोनमध्ये मेमरी कमी पडली की अँड्रॉइड ॲप बंद करून टाकतो. गाडीतल्या बऱ्याच सिस्टिम मात्र चावी काढल्यावर नुसत्या झोपतात, रॅम तशीच राहते. समजा, ब्लूटूथ जोडताना दर वेळी २ एमबी अडकले, तर रोज १० वेळा जोडून ५० दिवसांत १ जीबी गेला. रिव्हर्स कॅमेराही त्याच स्क्रीनवर दिसतो, म्हणून हा विषय फक्त गाण्यांपुरता नाही.

रेफरन्स काउंटिंग
शिफ्ट संपली की शेवटचा माणूस लाइट बंद करतो, तसंच हे. ऑब्जेक्ट किती जणांनी धरलाय ते मोजायचं. आकडा शून्य झाला की मेमरी मोकळी. ही पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये मांडली. शेअर्ड पॉइंटर २०११ च्या सी प्लस प्लस स्टँडर्डमध्ये आला.

गाठ कुठे पडते?
कनेक्शनने प्लेयरला धरलं आणि प्लेयरने कनेक्शनला. बाकी सगळे गेले तरी दोघांचा आकडा १ वरच! ‘तू आधी निघ, मग मी’ असं दोघंही म्हणत बसतात. पायथनमध्ये अशा गाठी शोधणारी वेगळी सोय आहे. सी प्लस प्लस आणि स्विफ्टमध्ये त्या आपणच सोडवायच्या.

शोधायचं कसं?
१. एकच कृती १०० वेळा करा. मेमरी थोडी वाढून थांबली तर बहुधा कॅश. दर फेरीला वाढतच गेली तर लीकचा संशय पक्का.
२. लीक सॅनिटायझर किंवा व्हॅलग्राइंड चालवा. मेमरी कुठल्या ओळीवर घेतली ते कळतं. कोणी धरून ठेवली ते आपल्याला शोधावं लागतं.
३. डिस्ट्रक्टरमध्ये लॉग टाका. ज्या क्लासचा लॉग येत नाही, तिथून सुरुवात करा.
४. कोण कोणाला धरतो ते कागदावर बाणांनी काढा. बाण फिरून परत आला की गाठ सापडली. कॉलबॅकच्या लॅम्डामध्ये पकडलेला शेअर्ड पॉइंटर हमखास नजरेतून सुटतो, तोही काढा.

उपाय
मालकाकडून जाणारा बाण शेअर्ड ठेवा, उलटा येणारा वीक पॉइंटर करा. वीक पॉइंटर हा आकडा वाढवत नाही. मात्र वापरण्याआधी लॉक करून ऑब्जेक्ट अजून आहे का ते तपासा. सगळीकडेच वीक केलं तर हवा असलेला ऑब्जेक्टही मध्येच गायब होईल.

टूल ‘लीक नाही’ म्हणतंय, तरी मेमरी वाढतेय? मग ग्लोबल लिस्ट बघा. तिथल्या ऑब्जेक्टपर्यंत प्रोग्रॅम अजून पोहोचू शकतो, त्यामुळे टूल त्याला लीक मानत नाही. अशा वेळी हीपट्रॅकसारखा प्रोफाइलर उपयोगी पडतो.