‘नागीद’ आणि ‘मेलेख’ : इस्राएलच्या आद्य राजांच्या इतिहासाचा एक भाषिक विचार

शौल, दावीद आणि शलमोन हे तिघेही मराठी वाचकाला ‘राजे’ म्हणूनच परिचित आहेत. बायबलच्या मराठी भाषांतरांनी हा परिचय घडविला, तसाच तो कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या मराठी कीर्तनांनीही घडविला. परंतु ‘राजा’ हा शब्द उच्चारताच सिंहासन, राजधानी, सैन्य, करव्यवस्था आणि वंशपरंपरा ही सारी सामग्री आपण मनात गृहीत धरतो. या तिघांच्या काळी ती कितपत सिद्ध झाली होती, हाच तर इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मूळ हिब्रू शब्दांचा पुरावा पुष्कळ उपयोगी पडतो, असे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौलाचा अभिषेक होतो तो ‘नागीद’ या पदावर. या शब्दाचा संबंध ‘समोर, पुढे’ या अर्थाच्या धातूशी आहे. म्हणून ‘पुढारी’ अथवा ‘नियुक्त नायक’ हा त्याचा सर्वांत जवळचा अर्थ होय. ‘मेलेख’, म्हणजे राजा, होण्याचा प्रसंग नंतर येतो. अम्मोन्यांवर विजय मिळविल्यानंतर गिलगाल येथे लोक शौलाला राजा करतात. दावीदही प्रथम हेब्रोन येथे यहूदाच्या लोकांचा राजा होतो, आणि पुढे इस्राएलचे वडीलजन त्याच्याशी करार करतात तेव्हाच सर्व वंशांचा राजा ठरतो. शलमोनापर्यंत येता येता मात्र ‘नागीद’ हा शब्द विद्यमान राजाने नेमलेल्या वारसाला लागलेला दिसतो. युद्धनायकाचे पद हळूहळू राजवंशाच्या मालकीचे कसे झाले, याची खूण या अर्थांतरात उमटली आहे.

‘मालकी’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. हिब्रू ‘मेलेख’ आणि अरबी ‘मलिक’ हे एकाच म-ल-क या धातूचे शब्द. त्याच धातूतून आपल्याकडे ‘मालक’ आणि ‘मुलूख’ हे शब्द अरबी-फारसीमार्गे आले. मलिक अंबराच्या नावातील ‘मलिक’ही तोच. धातू समान असल्याने अर्थ समान ठरत नाही, हे खरे. अरबीतही ‘मलिक’ (राजा) आणि ‘मालिक’ (धनी) हे भिन्न शब्द आहेत. तरीही राजा मागणाऱ्या लोकांना शमुवेलाने दिलेला इशारा वाचताना या नात्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राजा तुमचे पुत्र घेईल, कन्या घेईल, शेते आणि द्राक्षमळे घेईल, असे तो सांगतो; ‘घेईल’ हेच क्रियापद त्या भाषणाचा कणा आहे. राजा म्हणजे मुलखाचा मालक होऊ पाहणारा माणूस, ही भीती तेथे स्पष्ट बोलून दाखविली आहे.

त्याच पुस्तकाच्या पुढील अध्यायात सूर पालटतो. तेथे हरवलेली गाढवे शोधण्यास निघालेल्या तरुण शौलाला देवाच्याच आज्ञेने अभिषेक होतो, आणि पलिष्ट्यांच्या हातून लोकांना सोडविणारा म्हणून त्याचे स्वागत होते. राजपदाविषयीचे हे दोन परस्परविरोधी अभिप्राय शेजारी शेजारी उभे आहेत. संकलकाने त्यांपैकी कोणताही गाळला नाही. अनुवाद ते राजे या पुस्तकांची मालिका एका व्यापक संपादनातून सिद्ध झाली, असे मार्टिन नोथ यांनी १९४३ मध्ये प्रतिपादन केले. त्या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. पण जुनी साधने नव्या चौकटीत बसविली गेली, ही गोष्ट आता सामान्यपणे मान्य आहे.

संपादनाचा हा हात विशेषनामांतही दिसतो. शौलाच्या पुत्राचे नाव शमुवेलाच्या पुस्तकात ‘ईश-बोशेथ’, म्हणजे ‘लज्जेचा पुरुष’, असे आहे. इतिहासाच्या पुस्तकात तेच ‘एश्बाल’ आहे. ‘बाल’ म्हणजे धनी; पुढे तो शब्द परक्या देवाचा वाचक म्हणून त्याज्य ठरला, आणि लेखकांनी त्या जागी ‘लज्जा’ हा शब्द घातला. ‘एश्बाल’ हे नाव त्या काळी खरोखर प्रचलित होते, याला खिर्बेत कैयाफा येथील उत्खननात सापडलेल्या एका मडक्यावरील लेखाने दुजोरा दिला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखातील व्यक्ती मात्र शौलाचा पुत्र नव्हे. ती बेदाचा पुत्र आहे. नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही, हे भान ठेवावयास हवे.

आणखी एक उदाहरण शमुवेलाच्या जन्मकथेचे. हन्नाने पुत्र देवाकडे ‘मागितला’, यावर ती कथा पुनःपुन्हा श्लेष करते. परंतु ‘मागितलेला’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘शाऊल’, म्हणजे प्रत्यक्ष शौलाचे नाव! ही कथा मूळची शौलाचीच असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो सर्वमान्य नाही; परंतु शब्दांची ही ठेवण योगायोगाची म्हणून सोडून देण्याजोगीही नाही.

ग्रंथाबाहेरचा पुरावा अल्प आहे. शौल आणि शलमोन यांचा नामोल्लेख करणारा एकही समकालीन लेख उपलब्ध नाही. तेल दान येथे १९९३-९४ मध्ये मिळालेल्या, इ. स. पूर्व नवव्या शतकातील अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख आहे, असे बहुतेक तज्ज्ञ वाचतात. दावीदाचा काळ इ. स. पूर्व १००० च्या सुमाराचा धरला, तर हा लेख त्याच्यानंतर शतकाहून अधिक काळाने कोरला गेला. एवढ्याने राजवंशाचा संस्थापक म्हणून दावीद प्रसिद्ध होता हे ठरते. त्याच्या राज्याचा विस्तार ठरत नाही. मगिद्दो, हासोर, गेजेर येथील ज्या भव्य बांधकामांवर शलमोनाचे वैभव उभे केले जात असे, त्यांचा काळ इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी १९९६ मध्ये नवव्या शतकापर्यंत खाली आणला. अमिहाई मझार यांच्यासारख्या संशोधकांना हे पूर्णतः मान्य नाही. तो वाद मिटलेला नाही.

पदवी आणि प्रत्यक्ष सत्ता यांतील हे अंतर आपल्या भूमीतही दिसते. हातकणंगले तालुक्यातील हेरले येथे शिलाहार गंडरादित्याच्या काळचा शके १०४० (इ. स. १११८) चा शिलालेख सापडला आहे. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःस ‘महामंडलेश्वर’ म्हणवीत. ही मांडलिकाची पदवी. पण व्यवहारात ते पुष्कळ अंशी स्वतंत्र होते. त्याच वेळी ते ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुदही मिरवीत, आणि तगर म्हणजे तेर हे नगर तर त्यांच्या राज्याबाहेर होते. एका पदवीत सत्ता कमी सांगितली आहे, दुसरीत अधिक. तरी हे लेख निदान समकालीन आहेत. शमुवेलाच्या पुस्तकांना आजचे रूप घटनांनंतर काही शतकांनी आले. तेथील पदव्या वाचताना किती सावधपणा हवा, हे यावरून ध्यानात यावे.

मराठीत या सावधपणाची साधने पूर्वीच निर्माण झाली होती. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये छापून झाले. मूळ भाषेपर्यंत जाण्याचा तो मार्ग आपल्या विद्यापीठांतून आज फारसा चालला जात नाही. परिणामी या कथांना अक्षरशः इतिहास मानणारा आणि त्यांना निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला सारणारा, असे दोनच पक्ष उरतात, आणि दोघेही भाषांतरावरच विसंबतात. शौलाच्या काळी इस्राएलात राजा होता काय, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. नायक होता, तो राजा होऊ पाहत होता, आणि त्याला राजा म्हणावे की नाही याविषयी त्याच्या लोकांत मतभेद होता. तो मतभेद ग्रंथाने जपून ठेवला, हाच इतिहासाच्या अभ्यासकाला मिळालेला त्याचा सर्वांत मोलाचा पुरावा होय.