दुसऱ्या टीव्हीचा इतिहास

पहिल्या टीव्हीवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. वाड्यात तो कोणाकडे आला, ‘छायागीत’च्या वेळी दारात किती चपला जमत, मालक खिडकीतून बघू देत की दार लावून घेत, हे सगळे आठवणींच्या लेखांत येऊन गेले. पण तो पहिला संच बंद पडल्यावर, किंवा पडायच्या आधीच, त्याच्या जागी दुसरा कसा आला, तो कोणत्या हिशोबाने निवडला आणि पैसे कुठून उभे केले, याबद्दल कोणी लिहीत नाही. पहिला टीव्ही हौसेने घेतला जातो. दुसरा बहुधा नाइलाजाने, आणि नाइलाजाच्या खरेदीच्या आठवणी कोणी सांगत बसत नाही. नारायण पेठेसारख्या जुन्या, निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या वस्तीत मात्र हा इतिहास घरोघर पडून आहे: पत्र्याच्या पेटीतल्या पावत्यांत, पोस्टाच्या परवाना-पुस्तिकांत, माळ्यावरच्या रिकाम्या लाकडी खोक्यांत.

भारतात दूरचित्रवाणी 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाली, तरी ती मुंबईला पोचायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. पानशेतच्या पुराला तेव्हा बारा वर्षे झाली होती. 12 जुलै 1961 ला नदीकाठच्या या पेठेत जे वाडे उभे राहिले त्यांच्या कौलांवर, आणि जे पडले त्यांच्या जागी बांधलेल्या इमारतींच्या गच्च्यांवर, आता अँटेना चढल्या. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे. शिवकालानंतर साऱ्या पुण्याचे लक्ष रोज संध्याकाळी त्या गडाकडे लागावे असा काळ तोच असेल.

संच ठेवायचा तर परवाना लागे. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्या आधाराने रेडिओप्रमाणे टीव्हीलाही वर्षाचे शुल्क होते आणि ते पोस्टात भरावे लागे. टीव्हीचे शुल्क वर्षाला 50 रुपये होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. आमच्या घरची पुस्तिका अजून आहे आणि तिच्यावरचे शिक्के बघताना एक गोष्ट लक्षात येते. परवाना घराण्याच्या दागिन्यासारखा जपला जात होता, कारण संचही तसाच घेतलेला होता: एकदा घ्यायचा आणि मुलांपर्यंत चालवायचा. वेस्टन, क्राउन, टेलिरॅड, टेलिव्हिस्टा, हैदराबादच्या सरकारी कारखान्याचा ईसी ही तेव्हाची नावे. लाकडी खोके, खाली चार पाय, पुढे सरकते शटर आणि शटरला कुलूप. किंमत कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. ती पतपेढीच्या कर्जातून, भिशीतून किंवा दिवाळीच्या बोनसमधून येई.

आता दुसऱ्या टीव्हीकडे. माझे निरीक्षण असे की आपल्याकडे जुना संच झिजला म्हणून फार क्वचित बदलला गेला. झिजलेल्या संचाला औषध होते. चित्र मंद झाले की पिक्चर ट्यूब ‘चार्ज’ करून दोन वर्षे काढता येत. ट्रान्सफॉर्मर जळला तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास सुटा भाग मिळे आणि सायकलवर पिशवी अडकवून येणारा दुरुस्तीवाला तो तासाभरात बसवून जाई. व्होल्टेजच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर होता. रंगीत टीव्ही परवडत नसेल तर काळ्यापांढऱ्या पडद्यापुढे लावायची रंगीत काच होती, वर निळी आणि खाली हिरवट, जिच्यात वृत्तनिवेदिकेचे कपाळ आकाशाच्या रंगाचे दिसे. संच बदलावा लागला तो बाहेरून येणारी गोष्ट बदलली तेव्हा.

पहिला असा बदल रंगाचा. 15 ऑगस्ट 1982 पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. जुना संच त्यामुळे निकामी झाला नाही, तोच कार्यक्रम त्यावर काळापांढरा दिसत राहिला. म्हणून मध्यमवर्गाने घाई केली नाही. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ लागले तेव्हासुद्धा पेठेतल्या अनेक घरांत राम काळापांढराच होता आणि त्याने भक्तीत काही उणे पडले नाही.

दुसरा बदल केबलचा, आणि तो जास्त कठोर. 1991-92 नंतर गल्लीतल्या एखाद्या गच्चीवर छत्री बसली आणि वाड्यावाड्यांतून काळ्या तारा लोंबू लागल्या. कट्-कट् आवाज करत फिरवायच्या बटणाच्या जुन्या संचात बारा जागा असत आणि केबलवाला जे नवे पट्टे वापरी ते त्या ट्यूनरच्या आवाक्यातच नसत. उत्तम चालणारा, नुकतीच ट्यूब भरून घेतलेला टीव्ही अशा रीतीने ‘जुना’ ठरला. 1999 मध्ये अल्फा मराठी आली तेव्हा मराठी मालिका बघायला केबल आणि केबलसाठी चालू ट्यूनर, ही साखळी पक्की झाली होती.

याच सुमाराला ‘जुना द्या, नवा घ्या’ अवतरले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बॅरन इंटरनॅशनल या कंपनीने, कबीर मूलचंदानी यांच्या नेतृत्वाखाली, अकाई या जपानी नावाचे संच भारतात विकताना जुन्या संचाच्या बदल्यात सूट देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली. मग बाकीच्या कंपन्यांनाही ती करावी लागली. दुसऱ्या टीव्हीच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना, असे मी म्हणेन. तोवर घरातला बंद टीव्ही टाकवत नसे, कारण तो एकेकाळचा चार महिन्यांचा पगार होता. अदलाबदलीच्या योजनेने त्या टाकण्याला किंमत दिली आणि मनावरचे ओझे उतरवले. दुकानदाराला तुमच्या जुन्या खोक्यात फारसा रस नव्हता. सूट ही किमतीतच धरलेली असे, जुना संच हे तिचे निमित्त. तरीही ‘माझ्या टीव्हीचे तीन हजार आले’ असे सांगताना माणसाचा चेहरा उजळे, हे मी लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत पाहिले आहे.

फसगत झाली तर दाद कुठे मागायची, या प्रश्नाशीही पुण्याचे नाते आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. त्या चळवळीच्या रेट्यातून पुढे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याआधी खराब संच पदरी पडला तर दुकानदाराच्या सज्जनपणावर सगळे अवलंबून असे. आज 2019 चा सुधारित कायदा आहे, तरी पेठेतला ज्येष्ठ ग्राहक पावतीपेक्षा ‘ओळखीचे दुकान’ यावरच अधिक विसंबतो. त्याला हसू नये. पावती घेऊन तक्रार नोंदवायची तर हल्ली मोबाइल लागतो, आणि ओळखीच्या दुकानात नुसते जाऊन उभे राहिले तरी चालते.

केबलनंतरचा धक्का सरकारी होता. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात 38 शहरे होती, त्यांत पुणेही होते, आणि मुदत होती 31 मार्च 2013. त्या दिवसानंतर सेट-टॉप बॉक्स नसलेल्या घरात केबलवर काही दिसेना. बॉक्सला जोडायची पिवळी-पांढरी-लाल भोके ज्या जुन्या संचाला नव्हती, ते आणखी एकदा बाद झाले. तोवर काचेच्या जाड ट्यूबचे दिवसही भरत आले होते. सपाट पडद्यांची हौस इतकी होती की परदेशातून येणारे लोक सामानाबरोबर ते घेऊन येत. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया घसरला तेव्हा सरकारने प्रवाशांच्या सामानातल्या अशा टीव्हीवरची शुल्कमाफी काढून टाकली. सिंगापूरहून येणाऱ्या भाच्यावर ज्यांनी भिस्त ठेवली होती ते पुन्हा लक्ष्मी रस्त्यावर आले.

आता या साऱ्या इतिहासाचा एका घरावर कसा भार पडतो ते सांगतो. आमच्या शेजारी एक काकू राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. यजमानांच्या निवृत्तिवेतनाचा हिस्सा आणि पोस्टातल्या ठेवीचे व्याज एवढ्यावर घर चालते. त्यांचा 53 सेंटिमीटरचा काचेचा टीव्ही यंदा पावसाळ्यात कायमचा गेला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, कारण सुटे भाग येतच नाहीत. काकूंनी बाजूला काढलेले पैसे दहा हजार. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे सकाळचे भजन, दुपारची मालिका आणि रात्री घरात दुसऱ्या माणसाचा आवाज. चुकीचा संच घेतला तर पुन्हा दहा हजार साठायला किती दिवस लागतील, हा हिशोब त्यांनी मला न सांगता मला कळत होता.

‘लहानच घेऊ या, स्वस्त पडेल,’ असे त्या म्हणत होत्या. म्हणजे 24 इंची. इथे भूमिती आडवी येते. जुना पडदा चारास तीन या प्रमाणाचा, नवा सोळास नऊ. 53 सेंटिमीटरच्या जुन्या ट्यूबची उंची साधारण 32 सेंटिमीटर. 24 इंची, म्हणजे सुमारे 61 सेंटिमीटरच्या नव्या पडद्याची उंची 30 च्या आसपास. आकडा मोठा आणि माणसांचे चेहरे जुन्यापेक्षा लहान! मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना हा व्यवहार तोट्याचा. 32 इंचीत उंची 39 पर्यंत जाते, पण रुंदी होते 70, आणि जुन्या टीव्हीसाठी केलेल्या शिसवी कपाटाचा खण तेवढा रुंद नसतो. भिंतीवर टांगावा तर वाड्याची भिंत विटा आणि मातीची, गिलाव्याखाली खिळा धरत नाही. कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन आला, त्याने भिंतीवर बोटाने टकटक केले आणि ड्रिल पिशवीत परत ठेवले.

ही 32 इंची तरी कुठून आली? दुकानात शिरले की स्वस्त गटात जिकडेतिकडे हाच आकार का, हा प्रश्न मला पडला तेव्हा उत्तर करांच्या इतिहासात सापडले. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा टीव्हीवर तो 28 टक्के होता. 27 जुलै 2018 पासून 68 सेंटिमीटरपर्यंतच्या संचांवर 18 टक्के झाला, आणि 1 जानेवारी 2019 पासून ती मर्यादा 32 इंचांपर्यंत वाढली. त्याहून मोठ्यावर 28 टक्के तसेच राहिले. मूळ किंमत 20,000 असेल तर एका बाजूला कर 3,600 आणि दुसऱ्या बाजूला 5,600. मोठ्या पडद्याची किंमत मुळातच जास्त, तिच्यावर हा दहा टक्क्यांचा फरक. सामान्य घराचा पडदा किती मोठा असावा हे ठरवण्यात दिल्लीतल्या बैठकीचाही असा हात होता. चाळीस वर्षांपूर्वी त्याच घराला पोस्टात पन्नास रुपये भरावे लागत होते, आता ते खोक्याच्या किमतीतच भरले जातात.

हप्त्यांचाही मोह होताच. बिनव्याजी म्हणून जे सांगतात, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते. काकूंनी मात्र हप्ता ऐकताच हात हलवला. त्यांच्या पिढीत पतपेढीचे कर्ज चाले, कारण तिथे कारकून शेजारचाच असे. अनोळखी यंत्राने दरमहा आपल्या खात्यातून पैसे काढून घ्यावेत हे त्यांना पटत नाही.

खरी अडचण स्मार्टपणाची. दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारे बहुतेक संच आता इंटरनेटवर चालतात. काकूंकडे इंटरनेट नाही, केबलचा बॉक्स आहे. अशा घरात त्या सोयीचे पैसे फुकट, वर चालू केल्यावर टीव्ही जागा व्हायला वेळ घेतो आणि पहिल्या पानावर दहा चित्रे नाचतात, त्यांत केबल कुठे हे शोधावे लागते. शिवाय या संचांत म्हातारपण आतून येते: पडदा ठणठणीत असतो, पण कंपनी आतली प्रणाली अद्ययावत करणे थांबवते आणि एकेक ॲप उघडेनासे होते. नव्वदच्या दशकात ट्यूनरने जे केले तेच हे. फरक एवढाच की ट्यूनर बदलून देणारा माणूस तपकीर गल्लीत बसलेला होता. सपाट पडद्याच्या दुरुस्तीत मागच्या उजेडाची पट्टी गेली तर अजून काम होते, पॅनेलच फुटले तर नवा संच त्याहून फार महाग पडत नाही.

म्हणून आम्ही साधा, स्मार्ट नसलेला 32 इंची शोधला. चार दुकाने झाली. विचारायचे प्रश्न तीनच ठेवले: बॉक्सच्या जुन्या वायरी लागतील का, पुण्यात दुरुस्ती केंद्र कुठे आहे, आणि पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची. तिसऱ्या दुकानातला मुलगा पडद्याच्या चमकदारपणावरच बोलत राहिला. चौथ्याने वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारून दाखवला, तिथे घेतला. 9,400 रुपये. कपाटाचा खण सुताराकडून रुंद करून घ्यायला आणखी आठशे गेले, ते मी दिले असे काकूंना सांगितलेले नाही.

जुन्या संचाला दुकानात कोणी काही देईना. अदलाबदलीची ती उदार वर्षे काचेच्या ट्यूबबरोबरच संपली. त्या काचेत शिसे असते, ती कचऱ्यात फोडून टाकायची नसते. ई-कचऱ्याचे नियम 1 मे 2012 पासून लागू आहेत, पण गल्लीत येणारा भंगारवाला तांब्याची गुंडाळी काढून घेतो आणि काच मागे ठेवतो. आम्ही संच संकलन केंद्रावर पोचवला, रिक्षाचे भाडे देऊन. काकूंनी तो पाठवण्याआधी ओल्या फडक्याने पुसून दिला.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या संचांचाही कर 18 टक्क्यांवर आला आहे. सहा वर्षे टिकलेली ती रेषा पुसली गेली, आणि या दिवाळीत लक्ष्मी रस्त्यावर दर्शनी काचेत 43 इंची पुढे आले आहेत, 32 इंची मागच्या फळीवर गेले आहेत. पेठेतल्या कपाटांचे खण आणखी रुंद करायला सुतारांना काम मिळेलसे दिसते.