कृष्णेचा सातबारा

सांगलीत नदीकाठच्या कुठल्याही जुन्या गल्लीत जा, भिंतीवर पुराच्या खुणा दिसतील. 2005 ची एक रेघ, तिच्या बरीच वर 2019 ची, मधे कुठंतरी 2021 ची. पाहुणे आले की आपण हात वर करून दाखवतो, "हे बघा, इथंपर्यंत होतं पाणी." आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "नदी घरात घुसली."

हे वाक्य मला हल्ली खटकायला लागलंय. का, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. थोडं म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं. पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

तेव्हा आपल्याकडं जमीन फाटून लाव्हा बाहेर पडला आणि पसरत गेला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसले. महाबळेश्वरच्या भागात या थरांची जाडी किलोमीटरभरापेक्षा जास्त भरते. आज आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो हाच. त्या वेळी वाईची दरी नव्हती, कोयनेचं खोरं नव्हतं, अजिंक्यतारा नव्हता. होतं ते एक अफाट पठार.

पाचगणीच्या टेबललँडवर आपण सगळेच गेलोय. घोड्यावर बसलोय, फोटो काढलेत. पुढच्या वेळी कडेला उभं राहून समोर नीट बघा. धोमचं पाणी, वाईकडची शेतं, लांबवर पांडवगड. ही जी मोकळी जागा दिसते ना, ती एके काळी दगडानं गच्च भरलेली होती. टेबललँड, महाबळेश्वरचा माथा, कासचं पठार ही त्या जुन्या जमिनीची उरलेली तुकडी. माथ्यावरचा जांभा त्याची साक्ष देतो. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षांच्या पावसानं पाषाणातली सिलिका धुऊन नेली, मागं लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, तोच हा तांबडा जांभा. मधला दगड गेला तो पाण्यानं नेला. हिमालयात हे काम हिमनद्यांनीही केलं, त्यांच्या दऱ्या तळाशी रुंद आणि गोलसर असतात. आपल्याकडं बर्फाचा काही संबंध नाही. आपलं सगळं कोरीवकाम पावसाचं आणि नदीचं.

साताऱ्याचे किल्लेही त्यातलेच. लाव्ह्याचे सगळे थर सारखे नसतात. एक कठीण, त्याखालचा मऊ, सच्छिद्र. पाणी मऊ थर लवकर खातं, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात आणि माथा सपाट असतो. सज्जनगड, वैराटगड, कमळगड, अजिंक्यतारा, कुठलाही घ्या. तट बांधला माणसानं, बुरूज बांधले माणसानं, पण कडा आधी पाण्यानं तासून ठेवलेला होता. आपल्या राजांनी तो ओळखला, हे त्यांचं मोठेपण.

आता पाणी कुठून येतं ते बघू. अरबी समुद्रावरून वारा ढग घेऊन येतो, सह्याद्रीला धडकतो आणि तिथंच बहुतेक सगळं ओझं टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका, तिथं पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. एकाच जिल्ह्यात एकीकडं छत्री मिटत नाही आणि दुसरीकडं छावणीला जनावरं. हा सगळा खेळ वाऱ्याचा आणि डोंगराच्या भिंतीचा.

महाबळेश्वरच्या माथ्यावर एकाच ठिकाणाहून सावित्री पश्चिमेला जाते आणि शंभरेक किलोमीटरवर बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. सावित्रीला उतार जबरदस्त, ती कडा कातरत सुटते. कृष्णेलाही सुरुवातीला उतार आहे. महाबळेश्वर ते वाई ती सहाशे मीटरच्या वर खाली येते. पण कराडला कोयना समोरून येऊन भिडली, दोघी मिळून काटकोनात पूर्वेकडं वळल्या, की पुढं उतार जवळजवळ संपतोच. वाळवा, पलूस, मिरज हा सगळा पट्टा सपाट. नदी वळणं घेत, रमत चालते.

इथंच आपल्या विषयाची मेख आहे.

डोंगरातून पळत येणाऱ्या पाण्यात माती असते, गाळ असतो. सपाटीवर पाणी मंदावलं की त्याला ते ओझं पेलत नाही. पुरात नदी काठ ओलांडते, शेतावर पसरते, थांबते आणि गाळ टाकून परत जाते. असे हजारो वर्षांत हजारो पूर आले. त्यातून नदीकाठची मळीची जमीन तयार झाली. ज्या जमिनीत आज एकरी उसाचे उतारे सांगताना आपली छाती फुगते, ती जमीन पुरानं घातलेली आहे. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. तिथं जमिनीत खोल पेवं खोदून हळद साठवायचे. आख्ख्या हिंदुस्थानात सांगलीच्या हळदीचं नाव झालं त्यात या पेवांचा वाटा होता. ती पेवं टिकली ती तिथल्या जाड मातीच्या थरामुळं. आणि 2005 च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरून हळदीचं अतोनात नुकसान झालं. ज्या नदीच्या मातीनं पेवं टिकवली, तिचंच पाणी त्यांत शिरलं.

आपल्या आधीच्या लोकांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. गावाला पांढरी आणि शेताला काळी असे दोन शब्द आपल्याकडं उगाच नाहीत. पांढरी उंचवट्यावर, काळी खाली. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू जाऊन बघा. रास्त्यांनी 1762 च्या सुमारास बांधलेलं हे देऊळ अगदी नदीपात्रालगत आहे, आणि त्याची मागची भिंत नावेच्या नाळेसारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर येतं आणि दोन्ही बाजूंना दुभंगून जातं. आमच्या खाली नरसोबाच्या वाडीला तर पुराचं पाणी पादुकांवरून वाहिलं की दक्षिणद्वार म्हणून लोक स्नानाला येतात. पूर येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि त्याच्यासाठी जागा सोडली होती.

मग 1960 च्या दशकात कोयना धरण झालं. पुढं धोम झालं, वारणा झालं. नदी आता आपल्या हातात आली असं आपल्याला वाटलं. त्या पाण्यावर आपली दोन पिढ्यांची भरभराट झाली, ते नाकारण्याचं कारण नाही. पण त्याच काळात काळीवर प्लॉट पडले. ओत बुजले, ओढे-नाले अंगठ्याएवढे झाले. भराव घालून रस्ते उंच केले आणि ते रस्तेच पाण्याला बांध झाले.

सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा. तिथं इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं. आपण म्हटलं, शंभर वर्षांतून एकदा होतं असं. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तो दिवस कोण विसरेल? आणि दोनच वर्षांत, 2021 च्या जुलैत, पुन्हा 55 फुटांच्या घरात. त्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं डोंगर घरांवर आला. पाणी मुरून जड झालेली माती उतारावरून सुटते, दऱ्या आजवर अशाच रुंद झाल्या. फरक एवढाच, की आता पायथ्याला आपली माणसं झोपलेली होती.

अलमट्टीचा वाद आहे. तो राज्यानं कागदपत्रांनिशी लढलाच पाहिजे. धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं, यावर दोन्ही राज्यांत रोजच्या रोज बोलणं झालं पाहिजे. पण सगळं खापर तिकडं फोडलं की आपल्या गावातला नाला कुणी बुजवला, हे विचारायचं राहून जातं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषा नकाशावर आहेत. निळ्या रेषेच्या आत परवानगी कुणी मागितली, कुणी दिली, हे माहितीच्या अधिकारात कुणीही विचारू शकतं. फ्लॅट घेताना आपण पार्किंग विचारतो, लिफ्ट विचारतो. रेषेच्या आत आहे की बाहेर, हे किती जण विचारतो?

आणि ज्यांना पर्याय नाही म्हणून जे खोलगट भागात राहतात, त्यांना नुसतं "उठा" म्हणून चालणार नाही. त्यांना उंचावर, कामधंद्याच्या जवळ जागा द्यावी लागेल. पाटणच्या वाड्यांचंही तेच. पुनर्वसन पुढच्या पावसाच्या आधी हवं, पुढच्या दुर्घटनेनंतर नको.

माझ्या घराचा सातबारा तीन पिढ्यांचा आहे. त्याच जमिनीवर नदीचं नाव त्याच्या कितीतरी आधी लागलंय, फक्त तलाठ्याकडं त्याची नोंद नाही. म्हणून "नदी घरात घुसली" हे वाक्य मी आता म्हणत नाही.

तुमच्या गावात पूर्वी पाणी कुठून जायचं, कुठला ओढा आता दिसत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. ही माहिती त्यांच्यासोबत जायच्या आत कुठंतरी उतरून ठेवूया.