नियम केव्हा सांगावा?

मुलास शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निश्चय करणारी कुटुंबे अलीकडे आपल्याकडेही आढळू लागली आहेत, आणि अशा कुटुंबास सर्वांत अधिक काळ अडवून धरणारा प्रश्न बहुधा व्याकरणाचा असतो. गणिताचा क्रम विषयानेच ठरवून दिलेला आहे; बेरजेवाचून गुणाकार येत नाही. व्याकरणाचे तसे नाही. मूल तर पाचव्या वर्षीच आपली भाषा बिनचूक बोलत असते. तेव्हा त्याला व्याकरण कोणत्या वयात सांगावे, कोणते पुस्तक हाती द्यावे, आणि आधी नियम सांगून मग उदाहरण द्यावे की उदाहरणांचा संग्रह झाल्यावर नियमाकडे वळावे, याचा निवाडा घरच्या माणसांनाच करावा लागतो. साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठच्या मुलखात मात्र हा प्रश्न मुळीच नवा नाही. गेल्या दोनशे वर्षांत तेथील निरनिराळ्या घरांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली, आणि ती उत्तरे एकापुढे एक ठेवून पाहिली असता आजच्या आईबापांस उपयोगी पडेल असे पुष्कळ काही हाती लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविले. महाराजांना विद्येची मनापासून आवड असल्यामुळे त्या लहानशा राजधानीत शास्त्री-पंडितांना आश्रय मिळत गेला. काशीस नागेशभट्टांनी व्याकरणशास्त्राची जी परंपरा उभी केली होती तिची एक शाखा पुण्यामार्गे येथवर येऊन पोहोचली, आणि भास्करशास्त्री अभ्यंकर (१७८५–१८७०) यांच्यासारख्या वैयाकरणाने तिला साताऱ्यात स्थैर्य आणले. ‘परिभाषेंदुशेखर’ या नागेशभट्टांच्या ग्रंथावर ‘त्रिपथगा’ ही टीका लिहिणारे राघवेंद्राचार्य गजेंद्रगडकरही साताऱ्याचेच. ही विद्या दिली जात असे ती मुख्यतः गुरूच्या घरी. विद्यार्थी गुरूच्या ओसरीवर बसून पाठ घेत, गावात माधुकरी मागून निर्वाह करीत, आणि गुरुपुत्र व परगावचा शिष्य यांच्या अभ्यासात काही भेद नसे. ज्याला आज आपण अभ्यासक्रम म्हणतो तो त्या घरांतून कोठे लिहून ठेवलेला नव्हता. पण तो इतका निश्चित होता की त्याच्या निवडीविषयी कोणाच्या मनात विकल्पच उद्भवत नसे.

तो क्रम असा. मुंज झालेल्या मुलास प्रथम ‘रूपावली’ देत. पहाटे उठून अंगावर धाबळी घेऊन बसलेला आठ वर्षांचा मुलगा रामशब्दाच्या आठ विभक्ती आणि तीन वचने मिळून होणारी चोवीस रूपे एका लयीत म्हणे, त्यांचा अर्थ विचारण्याची त्याला मुभा नसे आणि सांगण्याची गुरूलाही घाई नसे. रूपावलीपाठोपाठ ‘समासचक्र’, त्याच्या जोडीला तीन कांडांचा ‘अमरकोश’, आणि एवढे मुखोद्गत झाल्यावर वरदराजाची ‘लघुकौमुदी’ किंवा थेट भट्टोजी दीक्षितांची ‘सिद्धांतकौमुदी’. पाणिनीची जवळजवळ चार हजार सूत्रे भट्टोजींनी संधी, सुबन्त, समास, तिङन्त अशा विषयवार प्रकरणांत लावून दिली होती, आणि तो ग्रंथ संपविणाऱ्याने ‘मनोरमा’, ‘शेखर’ असे चढत चढत अखेरीस पतंजलीच्या महाभाष्यापर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा असे. या मार्गास दहा-बारा वर्षे लागत. येथे नियम सर्वांत आधी येतो. इतका आधी की त्याचा अर्थ कळण्यापूर्वीच तो मुलाच्या कंठात जाऊन बसलेला असतो, आणि पुढे ज्या दिवशी गुरू त्याचे विवरण करतो त्या दिवशी शिष्याला ग्रंथ उघडावा लागत नाही.

या पद्धतीस घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. परंतु तिची फळे पाहिली म्हणजे असे धाडस होत नाही. भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री अभ्यंकर १८६३ साली साताऱ्यास जन्मले, आजोबांचे शिष्य रामशास्त्री गोडबोले यांच्यापाशी शिकले आणि पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले. संपूर्ण महाभाष्य त्यांनी मराठीत आणले, आणि त्यांचे पुत्र काशीनाथशास्त्री यांनी १९६१ साली संस्कृत व्याकरणाचा कोश सिद्ध केला. तिकडे वासुदेवशास्त्री खरे साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकरांच्या हाताखाली तयार होऊन मिरजेच्या हायस्कुलात संस्कृताचे शिक्षक झाले, आणि पटवर्धनी दप्तरांतील कागदपत्रांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ संपादून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर थोर उपकार केले. जीर्ण कागदावरील अर्धवट पुसलेले वाक्य लावण्यास जी चिकाटी लागते ती लहानपणी शास्त्राध्ययनात मुरलेल्या बुद्धीला जड जात नाही.

पण या पद्धतीचा दोष तिच्या रीतीत नव्हता, तिच्या उंबरठ्यावर होता. त्या ओसरीवर मुलगी बसू शकत नव्हती. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या मुलांची तर गोष्टच नको. ज्या इतर मुलांना लिहिता येणे अवश्य होते, म्हणजे कुलकर्ण्यांची, कारकुनांची आणि सावकारांची, ती पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरे गिरवीत, मोडी वळण कमावीत, पावकी-निमकी पाठ करीत आणि जमाखर्च व पत्रांचे मायने शिकून बाहेर पडत. मराठीचे व्याकरण असे कोणी त्यांना शिकवीत नसे. सरकारदरबारी हजारो पत्रे, सनदा व यादी ज्या भाषेत बिनबोभाट लिहिल्या जात होत्या, तिचे व्याकरण मुलास शिकवावे ही कल्पनाच तेव्हा कोणाला सुचलेली नव्हती.

ती कल्पना छापखान्याबरोबर आली. विल्यम केरी याने १८०५ साली श्रीरामपुरास मराठीचे व्याकरण छापले खरे, पण ते इंग्रजीतून आणि साहेबलोकांसाठी. मराठी मुलासाठी मराठीतून लिहिलेले व्याकरण अवतरले ते १८३६ साली, जेव्हा दादोबा पांडुरंग तर्खडकर या मुंबईच्या बावीस वर्षांच्या तरुणाने ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. दादोबांपुढे नमुना होता तो मुख्यतः इंग्रजी व्याकरणाचा. त्यांच्या मागून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर मार्मिक निबंध लिहिले, रामचंद्र भिकाजी जोश्यांनी ‘प्रौढबोध व्याकरण’ रचले, आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने या सर्व वादांचा विस्तृत परामर्श घेतला. संस्कृताच्या बाबतीतही १८६४ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ‘मार्गोपदेशिका’ काढून रूपावलीस पर्याय उभा केला. तीत थोडा नियम, थोडे शब्द आणि लगेच भाषांतरास वाक्ये, असा प्रत्येक पाठ बांधलेला होता. आता प्रथमच घरच्या वडील माणसापुढे खरी निवड उभी राहिली.

मराठी मुलाच्या दृष्टीने या निवडीतील अडचण कोणती, ती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘विहीर’ या शब्दापुढे ‘त’ लावायचे असता कोणतेही मूल ‘विहिरीत’ म्हणते, ‘लाडू’ला ‘लाडवाला’ किंवा ‘लाडूला’ आणि ‘घोडा’ला ‘घोड्याला’ करते. विभक्तिप्रत्ययापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, हा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. पण तो त्याच्या जिभेवर असतो. लिहिताना मात्र ‘विहीर’मधला दीर्घ ‘ही’ ‘विहिरीत’ लिहिताना ऱ्हस्व का होतो, हे त्याला कळेनासे होते. म्हणजे मातृभाषेचे व्याकरण मुलाला नवे काही देत नाही. जे त्याच्यापाशी आहे त्याची त्याला ओळख करून देते. संस्कृताचे व्याकरण, इंग्रजीचे व्याकरण, यांची गोष्ट याच्या उलट आहे. ही दोन कामे भिन्न आहेत, हे ज्या घरांनी ओळखले तेथे शिक्षण सुकर झाले.

असे एक घर न्यायमूर्ती रानड्यांचे. रमाबाई रानडे १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी जन्मल्या. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात मोडते. १८७३ साली विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती, आणि रानड्यांनी त्यांना घरीच पहिले धडे देण्यास प्रारंभ केला. मराठी चांगले वाचता येऊ लागल्यावर इंग्रजीचा अभ्यास लागला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे बिलकूल पसंत नव्हते, आणि त्यांच्या टोमण्यांचा व अबोल्याचा वृत्तान्त रमाबाईंनीच आपल्या आठवणींत (१९१०) अत्यंत संयमाने दिला आहे. त्या पुस्तकातील ऋजू, प्रवाही मराठी गद्य पाहिले म्हणजे लक्षात येते की, एखादे माणूस रोज नेमाने शेजारी बसून वाचून घेत असले, तर मातृभाषेतील उत्तम लेखनास रूपे घोकण्याची आवश्यकता उरत नाही.

दुसरे घर सुभेदार रामजी सकपाळ यांचे. लष्करी शाळेत मास्तरकी केलेले हे गृहस्थ पेन्शनीनंतर साताऱ्यास येऊन राहिले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचे, भीमरावाचे म्हणजे पुढच्या बाबासाहेबांचे, नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्या मुलास इतरांपासून निराळे बसावे लागे. पुढे बिऱ्हाड मुंबईस गेले तेव्हा रामजींनी मुलाच्या इंग्रजीची तजवीज स्वतः केली. तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ त्यांनी त्याच्याकडून घरी करून घेतली. त्या पाठमालेत मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत आणावयाचे असते, त्यामुळे दोन्ही भाषांची घडण एकमेकींच्या शेजारी उभी राहते आणि नियम वाक्याच्या ओघात आपोआप उमगतो. परकी भाषा घरी शिकविणाऱ्यास याहून चांगला मार्ग सापडणे कठीण. परंतु त्याच मुलाने हायस्कुलात संस्कृत मागितले तेव्हा त्याला ते नाकारण्यात आले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत बाबासाहेबांना पुढे मोठेपणी स्वतःच्या कष्टाने मिळवावे लागले. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या महाभाष्य शिकविले गेले, त्याच गावच्या शाळेत प्रथम बसलेल्या इतक्या तेजस्वी विद्यार्थ्याला त्या विद्येचे दार बंद राहावे, ही हानी त्याची जितकी तितकीच त्या विद्येचीही होती.

ते दार उघडण्याचा एक मनस्वी प्रयत्न याच मुलखात झाला. चित्रकार म्हणून नाव मिळविलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस औंध संस्थानात येऊन स्थायिक झाले. तेथे पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले, आणि वेदांच्या संहिता छापता छापताच ज्याला गुरू नाही अशा माणसासाठी संस्कृताची पाठमाला व स्वयंशिक्षक लिहिले. त्यांची योजना सरळ होती. आरंभी रोजच्या व्यवहारातील लहान वाक्ये, मग त्याच क्रियापदांची व नामांची पुनःपुन्हा येणारी आवर्तने, आणि वाक्ये अंगवळणी पडल्यावर संधी-विभक्तींचा नियम. मराठी वाचकाला ‘प्रत्येक’, ‘इत्यादी’, ‘अत्यंत’ हे शब्द ठाऊकच असतात. इकारापुढे विजातीय स्वर आला की त्याचा ‘य’ होतो, हे या तीन शब्दांवरून दाखवून दिले तर शिकणाऱ्याला अनोळखी सूत्राची भीती वाटत नाही. जे शिकायला पूर्वी ओसरीवरची जागा आणि मुंज लागत होती, ते आता थोडक्या किमतीच्या पुस्तकाच्या आधारे कोणत्याही जातीच्या स्त्रीपुरुषास आपल्या घरी आरंभिता येऊ लागले. १९४८ साली गांधीहत्येमागून झालेल्या जाळपोळीनंतर सातवळेकरांना औंध सोडून गुजरातेत पारडी येथे जावे लागले, पण त्यांची पुस्तके चालू राहिली.

या घरांचा साकल्याने विचार केला म्हणजे माझ्या मते एक सिद्धान्त निघतो: व्याकरणाचे पुस्तक निवडण्यापूर्वी नियम केव्हा सांगावयाचा ते ठरवावे, आणि ते ठरविण्यापूर्वी मुलाला त्या भाषेचे काय करावयाचे आहे हे पाहावे. शास्त्र्याच्या घरी नियम प्रथम आला, कारण मुलाला शास्त्र चालवायचे होते आणि गुरू आयुष्यभर हाताशी होता. रामजींच्या घरी नियम वाक्याबरोबर आला, कारण परकी भाषा कामास लावायची होती. रमाबाईंच्या शिक्षणात तो वाचनाच्या मागून आला, कारण भाषा आपलीच होती. सातवळेकरांनी तो उशिरा ठेवला, कारण शिकणारा एकटा होता आणि त्याचा धीर प्रथम टिकविणे अगत्याचे होते.

म्हणून आज घरी मूल शिकविणाऱ्या आईबापांस माझे सांगणे असे की, मराठीसाठी पहिली काही वर्षे व्याकरणाचे पुस्तक आणूच नये. मोठ्याने वाचून घ्यावे, पत्रे लिहून घ्यावी, आणि ‘विहीर-विहिरीत’सारखी अडचण मुलाने स्वतः आणून दाखविली की त्या दिवशी तेवढाच नियम सांगावा. दहा-अकराव्या वर्षी अशा नियमांची वही पुरेशी भरली म्हणजे कोणतेही प्रमाणभूत मराठी व्याकरण हाती द्यावे. ते त्याला परके वाटणार नाही. इंग्रजीसाठी दुहेरी भाषांतर. संस्कृताची गोडी असेल तर लहानपणीच्या स्मरणशक्तीचा उपयोग करून रूपावली अवश्य म्हणवून घ्यावी, पण तिच्या जोडीला पहिल्या दिवसापासून अर्थ कळणारी वाक्ये असावीत. कोणताही क्रम निवडला तरी रोज तासभर मुलाजवळ बसणारे माणूस घरात लागते. ते मिळाले तर सामान्य पुस्तकही पुरते, आणि ते नसेल तर दामल्यांचा ग्रंथही फळीवर पडून राहतो.