प्रतिपिंडांचे उगमस्थान : 'बी' पेशींच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना :

महाविद्यालयीन वर्गात रोगप्रतिकारक्षमतेचा पाठ शिकविताना 'बी' पेशींच्या नावातील 'बी' हे अक्षर 'बोन मॅरो' म्हणजे अस्थिमज्जा या शब्दावरून आले, असे पुष्कळदा सांगितले जाते. मानवात या पेशी अस्थिमज्जेत निर्माण होतात, हे खरे आहे. नावाची ही व्युत्पत्ती मात्र चुकीची आहे. हे अक्षर पक्ष्यांच्या शरीरातील 'बर्सा' या लहानशा थैलीचे आहे. चूक किरकोळ वाटेल. परंतु तिच्यामुळे वैद्यकातील एका मूलभूत शोधाचे कुक्कुटशास्त्राशी असलेले नाते विस्मृतीत जाते. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा मागोवा घेतला आहे.

रक्तरसातील संरक्षक द्रव्य :

१८९० मध्ये बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्प या रोगांवर प्रयोग केले. धनुर्वातास प्रतिकारक्षम केलेल्या सशाचा रक्तरस उंदरांना टोचला असता ते उंदीर त्या रोगाच्या घातक मात्रेतूनही वाचले. संरक्षण एका प्राण्याच्या रक्तातून दुसऱ्याच्या शरीरात नेता येते, हे यावरून सिद्ध झाले. रक्तरस-उपचाराबद्दल बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. कितासातो यांना त्यात वाटा मिळाला नाही, हेही नमूद करणे उचित ठरेल. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले सर्पविषरोधी औषध याच तत्त्वावर आधारलेले होते.

रक्तरसातील हे प्रतिपिंड जंतूंचे विष निष्प्रभ करतात, जंतूंना चिकटून त्यांना भक्षक पेशींच्या स्वाधीन करतात आणि पूरक प्रथिनांच्या साहाय्याने काही जंतूंचे आवरण भेदतात, एवढे ज्ञान विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत झाले होते. १९३९ मध्ये टिसेलियस व कबाट यांनी प्रतिपिंड हे रक्तरसातील गॅमा ग्लोब्युलिन या प्रथिनांच्या गटात असल्याचे दाखविले. १९४८ मध्ये स्वीडनच्या अस्ट्रिड फाग्रेउस यांनी त्यांची निर्मिती प्लाझ्मा पेशींत होते, असे प्रतिपादन केले. पण प्लाझ्मा पेशी कोठून येतात, हा प्रश्न तसाच राहिला. कार्य ज्ञात आणि कर्ता अज्ञात, अशी ही स्थिती होती.

प्रतिपिंड नसल्यास काय होते, याचे उत्तर १९५२ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात मिळाले. आठ वर्षांच्या एका मुलास न्यूमोकोकस जंतूंचा गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होत असे. डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी त्याचा रक्तरस विद्युत्-पृथक्करणाने तपासला, तेव्हा त्यात गॅमा ग्लोब्युलिन आढळलेच नाही. दर महिन्यास ते टोचल्यावर मुलाचे आजार थांबले. पुढे अशा अन्य रुग्णांतही एक विलक्षण गोष्ट दिसली. जंतुसंसर्गापुढे हतबल ठरणारी ही मुले गोवरातून मात्र सहसा बरी होत. शरीराजवळ संरक्षणाचे दुसरेही साधन असावे, याची ती सूचना होती.

कोंबडीची थैली :

पक्ष्यांच्या अवस्कराजवळील या थैलीचे वर्णन पाडुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी केले होते. विल्यम हार्वे यांचे हे गुरू. त्यांचा तो ग्रंथ मृत्यूनंतर १६२१ मध्ये प्रकाशित झाला. थैलीत नराचे वीर्य साठत असावे, हा त्यांचा तर्क चुकीचा होता. पण थैलीचे खरे कार्य पुढील तीन शतके अज्ञातच राहिले.

१९५० नंतरच्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठाच्या कुक्कुटशास्त्र विभागात ब्रूस ग्लिक हे या थैलीचे कार्य शोधत होते. पिलांची थैली काढून टाकली, तरी त्यांच्या वाढीत लक्षणीय फरक पडत नव्हता. त्याच सुमारास त्यांचे सहाध्यायी टिमोथी चँग यांना प्रतिपिंडनिर्मितीचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. ग्लिक यांच्याकडील थैली काढलेल्या कोंबड्या त्यांनी वापरल्या. साल्मोनेला जंतूंचा प्रतिजन टोचूनही त्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंड उमटले नाहीत. प्रात्यक्षिक फसले, पण दोघांनी ते फसणेच तपासायला घेतले. थैली फार लवकर, तिची वाढ वेगाने होत असतानाच काढली, तरच हा परिणाम दिसतो, हेही स्पष्ट झाले. मोठ्या पक्ष्याची थैली काढून हाती काहीच लागले नसते. हा निबंध 'सायन्स' नियतकालिकाने स्वीकारला नाही. तो १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकाच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे जाण्यास काही वर्षे लागली.

१९६१ मध्ये जॅक मिलर यांनी थायमस ग्रंथीचे महत्त्व उंदरांवर दाखविले. १९६५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन व रॉबर्ट गुड यांनी दोन्ही धागे एकत्र आणले. थैलीतील काही पेशी पिलू अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वीच शरीरभर पोहोचलेल्या असतात. म्हणून त्यांनी अवयव काढण्याबरोबरच नवजात पिलांवर किरणांचा मारा केला. थैली नसलेल्या पिलांत प्लाझ्मा पेशी व प्रतिपिंड दोन्ही नव्हते, तरी परकी त्वचा ती नाकारू शकत होती. थायमस काढलेल्या पिलांत त्वचा नाकारण्याची हीच क्षमता क्षीण झाली. लसीका पेशींची दोन स्वतंत्र कुळे आहेत, हे त्यातून निश्चित झाले आणि थायमस व बर्सा यांच्या आद्याक्षरांवरून 'टी' व 'बी' ही नावे रूढ झाली.

सस्तन प्राण्यांत बर्सा नसतो. त्याचा पर्याय शोधण्यात काही वर्षे गेली. आतडे, टॉन्सिल अशा अनेक अवयवांचा विचार झाला. अखेर १९७४ च्या सुमारास उंदरांवरील संशोधनातून ही जागा गर्भावस्थेत यकृत व पुढे अस्थिमज्जा असल्याचे दिसून आले. तेथेही आद्याक्षर 'बी'च निघावे, हा निव्वळ योगायोग होय. पाठ्यपुस्तकांतील गोंधळाचे मूळ त्यात आहे.

ब्रूटन यांनी वर्णिलेल्या आजाराचे आनुवंशिक कारण १९९३ मध्ये सापडले. 'एक्स' गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असल्यास 'बी' पेशींची वाढ अस्थिमज्जेतच खुंटते, आणि म्हणून हा आजार प्रामुख्याने मुलग्यांत आढळतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या विकरास ब्रूटन यांचेच नाव देण्यात आले. रक्तरसात जे प्रथिन आढळत नव्हते, ते निर्माण करणारी पेशीच या मुलांच्या रक्तात पोहोचलेली नसते.