ताप उतरवण्याला दर नाही

पेडण्याच्या बाजारातला खाजगी डॉक्टर तापाचा रोगी तपासतो, दोन दिवसांच्या गोळ्या देतो आणि फी रोख घेतो. रोग्याच्या खिशातलं गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड खिशातच राहतं. २०१६ साली ही योजना आली तेव्हा मुख्यमंत्री होते लक्ष्मीकांत पार्सेकर, मांद्र्याचे आमदार, म्हणजे याच पेडणे तालुक्यातले. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं कवच, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं. दर मात्र बांधले गेले शस्त्रक्रियांचे आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचे.

आरोग्यविम्याचं एक जुनं घराणं याच्या अगदी उलट चालीचं. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने पैसे दिले ते गल्लीतल्या डॉक्टरला, तेही डोक्यामागे. डॉक्टरच्या यादीत नाव असलं की कामगार आजारी पडो न पडो, वर्षाची रक्कम ठरलेली. कायदा आणणारे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज औषधांसकट सहा शिलिंग देऊ म्हणाले. डॉक्टर औषधं वगळून साडेआठवर अडून बसले. बरीच घासाघीस झाली. या कायद्याखाली काम करायला तयार झालेल्या डॉक्टरांच्या यादीचं नाव पॅनल.

भारतात कामगारांच्या आरोग्यविम्यावरचा प्रा. बी. पी. आडारकरांचा १९४४ चा अहवाल, त्यावरून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, आणि १९५४ मध्ये ती योजना मुंबईत. गिरणगावात पॅनल डॉक्टर आला तो असा. त्याच्याकडे औषधाइतकीच गर्दी सर्टिफिकेटसाठी. आजारपणाचा भत्ता त्या कागदावर मिळायचा. डोकी जास्त तर कमाई जास्त, मग एकेका रोग्याला वेळ कितीसा मिळणार? दोष होताच. तरी रोगी इस्पितळापर्यंत जाऊ न देण्याच्या कामाला निदान मोल होतं, आणि मला ते हिशेबाने शहाणपणाचं वाटतं.

गोव्यात ते काम पगारी डॉक्टरांवर सोपवलेलं. डिचोली, पेडणे इथली सामाजिक आरोग्य केंद्रं, मये, कासारवर्णे इथली प्राथमिक केंद्रं. सरकारी डॉक्टरला महिन्याचा पगार, मोठ्या इस्पितळाला दरपत्रक. मधला खाजगी डॉक्टर दोन्हींत नाही.

२०१८ च्या जानेवारीत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने, म्हणजे गोमेकॉने, परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं आणि डिचोलीला लागून असलेला महाराष्ट्रातला दोडामार्ग खवळला. मागणी आली की महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना बांबोळीत चालू द्या. तिचेही दर खाटेवर पडल्यावरच सुरू होतात.