राजपुत्र, जलपरी आणि नाकारलेले ‘तू’

चेटकिणी, जलपऱ्या आणि जगापासून लपवावे लागणारे समलिंगी प्रेम यांभोवती गुंफलेल्या गूढ, काळोख्या प्रेमकथा आज तरुण वाचकांत लोकप्रिय आहेत. हा साहित्यप्रकार अलीकडचा मानला जातो. मात्र त्याच्या पूर्वजांचा माग काढत गेल्यास एक महत्त्वाची वाट ७ एप्रिल १८३७ रोजी कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बालकथांच्या पुस्तिकेपाशी येऊन थांबते. हान्स क्रिश्चन अँडरसनची ‘छोटी जलपरी’ त्या पुस्तिकेत प्रथम छापली गेली. १९८९च्या चित्रपटातील लग्नाचा गोड शेवट येथे विसरावा लागेल. मूळ कथेत लग्न होते, पण ते जलपरीचे नव्हे.

या कथेमागे युरोपातील एक जुना नियम आहे. सोळाव्या शतकातील वैद्य आणि तत्त्वचिंतक पॅरासेल्सस याने जलवासी जीवांविषयी एक प्रबंध लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ साली, तो छापला गेला. त्यानुसार जलकन्या दिसायला माणसासारख्या, पण आत्म्याविना जन्मलेल्या असतात. माणसाशी विवाह झाला तरच त्यांना आत्मा मिळतो. १८११ साली जर्मन लेखक फूके याने याच कल्पनेवर ‘उंडिने’ ही दीर्घकथा रचली आणि ती युरोपभर गाजली. थोडक्यात, मोक्षाचा दरवाजा विवाहमंडपातून जात होता. ज्याच्या प्रेमाला विवाहाची वाटच नाही, त्याने काय करावे?

डेन्मार्कच्या कायद्याकडे या प्रश्नाचे एक उत्तर होते. राजा पाचवा क्रिश्चन याच्या १६८३च्या ‘डॅनिश कायद्या’त ईश्वराशी द्रोह करणाऱ्या चेटकिणीला जिवंत जाळण्याची शिक्षा सांगितली आहे. त्याच संहितेत ‘निसर्गाविरुद्ध संग’ करणाऱ्यालाही अग्नीचीच शिक्षा आहे. चेटकीण आणि समलिंगी प्रेमी कादंबरीत एकत्र येण्याआधी दंडसंहितेत एकत्र आले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चेटकाच्या आरोपावरून जाळली गेलेली डेन्मार्कमधील शेवटची स्त्री, ॲने पालेस, हिला १६९३ साली शिक्षा झाली. दुसरे कलम मात्र १८६६च्या नव्या फौजदारी संहितेपर्यंत कागदावर टिकून होते. अँडरसनचे तारुण्य त्या कलमाच्या सावलीत गेले.

अँडरसन ओडेन्सच्या एका गरीब चांभाराचा मुलगा. आई लोकांचे कपडे धूत असे. चौदाव्या वर्षी, १८१९ साली, तो नशीब आजमावायला कोपनहेगनला आला. राजनाट्यगृहाच्या संचालकांपैकी एक असलेल्या योनास कोलिन यांनी त्याच्या शिक्षणासाठी राजनिधीतून मदत मिळवून दिली आणि कोलिन कुटुंबाचे घर त्याचे दुसरे घर झाले. योनास यांचा मुलगा एडवर्ड त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. अँडरसनची हस्तलिखिते, पैशाचे व्यवहार, सारे तोच पाहू लागला. अँडरसन त्याच्यात गुंतत गेला.

डॅनिशमध्ये त्या काळी मराठीसारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद पाळला जाई. १८३१ साली जर्मनीच्या प्रवासातून अँडरसनने एडवर्डला विनंती केली: आपण एकमेकांना ‘तू’ म्हणू या. एडवर्डने नकार दिला. उत्तर सभ्य होते, म्हणूनच अधिक झोंबणारे. काही गोष्टींचा तिटकारा माणसात उपजतच असतो, असे सांगून त्याने दाखला दिला तो बांधणीच्या कागदाचा: एका स्त्रीला तो कागद नुसता दिसला तरी मळमळत असे. या उपमेत आपण कोठे बसतो, हे कळायला अँडरसनला फार विचार करावा लागला नसेल. पुढे दोघांची मैत्री टिकली, पत्रे चालू राहिली, पण ‘तुम्ही’ काही सुटले नाही.

ऑगस्ट १८३६ मध्ये एडवर्डचा हेन्रिएट्टे थ्युबेर्ग हिच्याशी विवाह झाला. अँडरसन तेव्हा फ्यून बेटावर होता. जानेवारी १८३७ मध्ये त्याने जलपरीची कथा पूर्ण केली.

आता कथेतील तपशील पाहावेत. समुद्रतळाची चेटकीण बुडालेल्या माणसांच्या हाडांच्या घरात राहते. पाय देण्याच्या बदल्यात ती जलपरीची जीभ कापून घेते. प्रत्येक पाऊल धारदार सुऱ्यांवर पडल्यासारखे दुखेल, हेही ती आधीच सांगते. (ग्रिम बंधूंच्या ‘हान्सेल आणि ग्रेटेल’मधील चेटकीण भट्टीत जळते, अँडरसनच्या चेटकिणीला कोणीही शिक्षा करत नाही. कथेत सर्वांत रोखठोक तीच बोलते.) राजपुत्र या मुक्या मुलीला जवळ ठेवतो, आपल्या दाराशी मखमली उशीवर झोपू देतो. घोड्यावरून सोबत फिरता यावे म्हणून तिच्यासाठी पुरुषी पोशाख शिवून घेतो. ती सोबती होते, वधू मात्र होत नाही. प्रेम आहे, सहवास आहे, फक्त बोलायला जीभ नाही.

समाजमाध्यमांवर या कथेला ‘एडवर्डला लिहिलेले प्रेमपत्र’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे विधान आकर्षक आहे, पण इतिहास म्हणून उथळ आहे. समुद्रातील प्रेमाचा विषय अँडरसनने १८३३च्या ‘आग्नेते आणि सागरपुरुष’ या नाट्यकाव्यातच हाताळला होता. शिवाय रीबोर्ग व्होइट, एडवर्डची बहीण लुईसे, पुढे गायिका येनी लिंड यांच्याकडेही त्याचे मन ओढले गेले होते. ‘समलिंगी’ या अर्थाचा आजचा युरोपीय शब्द १८६९ साली प्रथम छापला गेला. त्याआधीच्या माणसावर तो सरसकट चिकटवताना सावध राहिलेले बरे. त्याचबरोबर एडवर्डला लिहिलेल्या पत्रांत आपल्या भावना एखाद्या स्त्रीच्या असाव्यात तशा आहेत, असे लिहिणाऱ्या माणसाला ‘निव्वळ मित्र’ ठरवणेही तितकेच उथळ होय.

अधिक बोलका पुरावा अन्यत्र सापडतो. ११ फेब्रुवारी १८३७ रोजी कवी इंगेमान यांना लिहिलेल्या पत्रात अँडरसन फूकेपासून मुद्दाम फारकत घेतो. अमर आत्मा मिळणे हे दुसऱ्या कोणाच्या प्रेमावर अवलंबून असावे, हे त्याला मान्य नव्हते. म्हणूनच बहिणींनी केस देऊन चेटकिणीकडून आणलेली सुरी जलपरी राजपुत्रावर न चालवता समुद्रात फेकते आणि तिचा नुसता फेस होत नाही. ती ‘वायुकन्या’ होते आणि तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांनी स्वतःचा आत्मा स्वतः मिळवू शकते. हा शेवट उपदेशासाठी ओढूनताणून जोडलेला आहे, अशी टीका अनेकांनी केली. पण कथेचे हस्तलिखितातील नाव ‘वायूच्या कन्या’ असेच होते. पॅरासेल्ससपासून चालत आलेला विवाहाचा नियम अँडरसनने येथे मोडला. ज्याला परतफेडीचे प्रेम मिळणार नाही, त्याच्यासाठीही दार उघडे ठेवले.

अँडरसन ४ ऑगस्ट १८७५ रोजी वारला. एडवर्डने १८८२ साली कोलिन घराण्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि त्या प्रेमाला आपण प्रतिसाद देऊ शकलो नाही, याची नोंद केली. १९०१ साली बर्लिनच्या माग्नुस हिर्शफेल्डच्या वार्षिकात अँडरसन समलिंगी असल्याचे प्रतिपादन करणारा लेख आला. तोवर कोपनहेगनच्या असिस्टेन्स दफनभूमीत अँडरसनच्या शेजारी एडवर्ड आणि हेन्रिएट्टे यांनाही पुरले गेले होते. तिघे एकाच जागेत विसावले. पुढे कोलिन कुटुंबाने त्या दोघांना तेथून हलवले. आज त्या जागी अँडरसन एकटाच आहे.